किलिमांजारोला जायचे आहे : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपुड्यात आणि सातमाळ्यात भटकणाऱ्या आमच्या मंडळींपैकी काहीजण किलिमांजारोला जाऊन आल्यापासून जळगाव, धुळे, नंदुरबार आणि बागलाण भागातून प्रश्न येत राहिले आहेत. त्यांपैकी पुन्हापुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. एकच मजकूर दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किलिमांजारो म्हणजे नेमके काय? ज्वालामुखी, की बर्फाचा डोंगर?

दोन्ही. टांझानिया देशात, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे 3 अंशांवर असलेला हा आफ्रिका खंडातील सर्वांत उंच पर्वत होय. त्याचे तीन ज्वालामुखी शंकू आहेत. शिरा सर्वांत जुना असून तो ढासळून त्याचे पठार झाले आहे. मावेन्झी (5,149 मीटर) झिजून सुळक्यांचा झाला आहे आणि त्यावर चढण्यास दोर व प्रस्तरारोहणाचे कौशल्य लागते. मधला किबो सर्वांत तरुण व सर्वांत उंच आहे. त्याच्या विवराच्या काठावरील उहुरू हे टोक 5,895 मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (1,646 मीटर) साडेतीन पटींहून अधिक. ‘उहुरू’ म्हणजे स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य. जर्मन वसाहतीच्या काळात या टोकाला जर्मन सम्राटाचे नाव होते, ते 1961 मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर बदलले गेले. 1889 मध्ये हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर यांनी हे शिखर प्रथम गाठल्याची नोंद आहे.

२. विषुववृत्तावर बर्फ कसा राहतो? आमच्या भुसावळला तर मे महिन्यात अंगाची लाही होते.

उंचीमुळे. दर 1,000 मीटर चढल्यावर तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पायथ्याच्या मोशी शहरात दुपारी 30 अंश असतील, तर तेथून पाच हजार मीटर वर गेल्यावर हिशेब शून्याच्या खाली जातो. हा हिशेब ठाऊक नसल्यामुळेच, 1848 मध्ये योहानेस रेबमान या मिशनऱ्याने आफ्रिकेत बर्फाचा डोंगर पाहिल्याचे कळवले, तेव्हा लंडनमधील भूगोलतज्ज्ञांनी त्याची टर उडवली होती. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या चग्गा लोकांना मात्र वर काय आहे ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते.

३. हा ज्वालामुखी आमच्या सहलीतच फुटणार तर नाही ना?

किबो निद्रिस्त मानला जातो. त्याचा मोठा उद्रेक दीड ते दोन लाख वर्षांपूर्वी झाला असावा. विवराच्या आत मात्र गंधकाचा वास येणारे वाफेचे झरोके अजून आहेत, म्हणून त्याला मृत म्हणत नाहीत. खऱ्या अर्थाने जागा ज्वालामुखी त्याच देशात दुसरा आहे. ओल दोइन्यो लेंगाई नावाच्या त्या डोंगरातून निघणारा लाव्हा इतर लाव्हांपेक्षा बराच कमी तापमानाचा, काळा आणि पाण्यासारखा वाहता असतो.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्वालामुखी पाहायला आफ्रिकेत जाणारा खान्देशी माणूस जन्मभर लाव्हावरच राहिलेला असतो. आपली कापसाची काळी जमीन ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या खडकाची माती आहे. फरक इतकाच की आपल्याकडे तो जमिनीच्या लांबच लांब भेगांतून पसरला आणि थरांवर थर साचून पठार झाले. किलिमांजारोला तो मुख्यतः ठरावीक तोंडांतून येत राहिला आणि शंकू उभे राहिले.

४. वरचा बर्फ संपत चालला आहे म्हणतात. मग आता जाऊन उपयोग आहे का?

बर्फ संपत चालला आहे, हे खरे आहे. 1912 मध्ये तेथील हिमनद्यांनी सुमारे 12 चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले होते. 2011 पर्यंत ते दोन चौरस किलोमीटरच्याही खाली आले. 2000 मध्ये लॉनी थॉम्पसन यांच्या पथकाने हिमनद्यांना छिद्रे पाडून बर्फाचे नमुने काढले, तेव्हा तळाचा बर्फ 11 हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा असल्याचे त्यांनी सांगितले. 2015 ते 2020 च्या दरम्यान सगळा बर्फ नाहीसा होईल, असा त्यांचा अंदाज होता. तो खरा ठरला नाही, पण दिशा चुकलेली नव्हती. युनेस्कोने 2022 मध्ये या हिमनद्या 2050 पर्यंत जातील असे म्हटले आहे.

हे केवळ उन्हाने वितळणे नव्हे. वरची हवा इतकी कोरडी असते की बर्फाचा बराच भाग पाणी न होता थेट वाफ होऊन उडतो. ढग आणि हिमवर्षाव कमी झाल्यामुळे जुन्या बर्फावर नव्याची भर पडत नाही. म्हणूनच तेथे हिमनदी म्हणजे उतारावरून सरकत आलेली जीभ दिसत नाही, तर सपाट राखेवर कोणीतरी उभी कापून ठेवल्यासारखी पांढरी-निळी भिंत दिसते. पावसानंतर सगळे शिखर पांढरे होते तो ताजा हिम असतो आणि तो आठवडाभरात जातो. छायाचित्र पाहून “बर्फ तर भरपूर आहे” असे म्हणणाऱ्यांची गफलत येथे होते.

५. मी साल्हेर, कळसूबाई केले आहे. आणखी प्रशिक्षण लागेल का?

नेहमीच्या वाटांवर दोर, बर्फाची कुऱ्हाड किंवा बुटांना लावायचे काटेरी तळवे लागत नाहीत. ही चालण्याची चढाई आहे. बाराँको नावाच्या कड्यावर थोडा वेळ हात टेकावे लागतात, एवढेच. साल्हेर (1,567 मीटर) एका दमात चढून-उतरून दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा तास चालता येत असेल, तर पाय तयार आहेत असे समजावे. दिवाळीतील अस्तंब्याच्या यात्रेत रात्री चालण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना शिखराच्या रात्री (प्रश्न १५) तिचा उपयोग होतो.

पण पायांच्या तयारीवर विसंबू नये. जळगावात रोज दहा किलोमीटर पळणारा तरुण चार हजार मीटरवर ओकत बसलेला आणि त्याच्या शेजारून पन्नाशीच्या शिक्षिका संथपणे पुढे गेलेल्या, हे दृश्य आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. विरळ हवा दंड-मांड्या मोजत नाही.

६. विरळ हवेचा त्रास नेमका काय असतो आणि तो कसा ओळखावा?

शिखरावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच, 21 टक्के असते. पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असल्यामुळे प्रत्येक श्वासात निम्माच प्राणवायू मिळतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, मात्र त्याला दिवस लागतात आणि ते दिवस पैसे देऊन, गोळी घेऊन किंवा जिद्दीने कमी होत नाहीत.

पहिली पायरी डोकेदुखीची. तिच्या जोडीला मळमळ, चक्कर, अन्नावरची वासना उडणे किंवा असाधारण थकवा असेल, तर तो उंचीचा आजारच धरावा आणि तेथून वर जाऊ नये. एका मुक्कामात बरे वाटले तर पुढे, नाहीतर खाली. दुसरी पायरी जिवावरची आहे. स्वस्थ बसल्यावरही धाप लागत असेल, खोकला येत असेल, थुंकीत फेस किंवा लालसरपणा दिसत असेल, तर फुफ्फुसांत पाणी भरू लागले आहे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा तोल जाऊ लागला, तर मेंदूला सूज आली आहे. जमिनीवर सरळ रेघ धरून टाचेला अंगठा लावत दहा पावले चालायला सांगावे. दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात असेल, तर रात्र असो वा पाऊस, त्याला त्याच क्षणी खाली न्यावे. सकाळपर्यंत थांबू, हा विचारच माणसाला मारतो.

एक अडचण आपल्या स्वभावाची आहे. गावात सत्कार ठरलेला असतो, फलक छापलेले असतात, आणि माणूस वाटाड्यापासून डोकेदुखी लपवतो. असे करू नये. वाटाडे रोज विचारतात, त्यांना खरे सांगावे. ते दिवसभर “पोले पोले” म्हणत राहतात; त्याचा अर्थ सावकाश, अहिराणीतले “हयू हयू”.

७. कोणती वाट घ्यावी आणि किती दिवस ठेवावेत?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा सल्ला येथेच आहे. दिवस वाचवू नयेत. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दररोज सुमारे 500 मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असे उंचीच्या आजाराचे वैद्य सांगतात. आता मारांगू वाटेचे मुक्काम पाहा : मांदारा 2,720, होरोम्बो 3,720, किबो 4,720 मीटर. रोज हजार मीटर. पाच दिवसांच्या बेतात होरोम्बोचा जादा मुक्कामही गाळलेला असतो. लाकडी खोल्या आणि पलंग असल्यामुळे ही वाट सोपी म्हणून विकली जाते. आम्हालाही पहिल्या वेळी मुंबईच्या एका दलालाने ती पाच दिवसांची करून विकली होती. चौघांपैकी दोघे किबोच्या मुक्कामावरून परत फिरले.

माचामे वाट तंबूंची आहे. तिच्यावर एका दिवशी लावा टॉवरपर्यंत, म्हणजे सुमारे 4,600 मीटरपर्यंत चढून रात्री बाराँकोला 3,976 मीटरवर झोपायला उतरायचे असते. उंच चढावे आणि खाली झोपावे, या नियमाचे हे उत्तम उदाहरण आहे. ती सहाऐवजी सात दिवसांत करावी. पश्चिमेकडून येणारी लेमोशो वाट आठ दिवसांची घेतली तर सर्वांत उत्तम. उत्तरेची रोंगाई वाट तुलनेने कोरडी असल्यामुळे पावसाची शंका असेल तेव्हा बरी.

८. डायमॉक्सची गोळी घेतली की झाले ना?

नाही. डायमॉक्समधले अॅसिटाझोलामाइड हे औषध श्वासाचा वेग वाढवून शरीराला जुळवून घेण्यास मदत करते. दिवस कमी करण्याचा परवाना देत नाही. सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावे लागते, म्हणून घरी असतानाच एक-दोन दिवस घेऊन पाहावे. झोपेच्या गोळ्या आणि मद्य दोन्ही टाळावे.

९. कोणत्या महिन्यात जावे?

जानेवारी ते मार्चचा आरंभ आणि जून ते ऑक्टोबर हे कोरडे काळ आहेत. मार्चअखेर ते मे हा तेथील मोठा पाऊस आणि नोव्हेंबरच्या सुमारास लहान पाऊस असतो. शेतकरी कुटुंबांना जानेवारी-फेब्रुवारी सोयीचे पडते, कारण जून ते ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडे पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंतचा काळ. मे महिन्याची सुट्टी मात्र तेथे नेमकी चिखलाची असते.

१०. येथून प्रवास कसा करावा? कोणती कागदपत्रे लागतात?

जळगाव किंवा भुसावळहून रेल्वेने मुंबई, तेथून बहुधा अदिस अबाबा, नैरोबी किंवा दोहामार्गे मोशी आणि अरुशा यांच्या मध्ये असलेल्या किलिमांजारो विमानतळावर उतरावे. व्हिसा ऑनलाइन मिळतो. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या आणि न फाटलेल्या घ्याव्यात, जुन्या तेथे नाकारल्या जातात.

घोटाळा होतो तो पिवळ्या तापाच्या लशीवरून. इथिओपिया किंवा केनियामार्गे जाणाऱ्यास तेथे थांबण्याच्या वेळेनुसार टांझानियात प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते, आणि परतताना भारतात तर याविषयी फारच काटेकोरपणा आहे. प्रमाणपत्र नसलेल्यास सहा दिवसांपर्यंत अलग ठेवता येते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, गावच्या दवाखान्यात नाही, आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. एकदा घेतलेली आयुष्यभर चालते. मोशीत मलेरिया आहे, त्याविषयीही डॉक्टरांना विचारावे.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात 1 जून 2019 पासून बंदी आहे. फरसाण आणि चटण्या कॅरीबॅगेत बांधून नेऊ नयेत.

वेळेची एक गंमत लक्षात ठेवावी. तेथील घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे, शिवाय स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सातला ते “एक वाजला” म्हणतात. गाडीवाल्याशी बोलताना वेळ दोनदा पक्की करावी.

११. खर्च किती येतो? एकाने फारच स्वस्तात सांगितले आहे.

राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेश, मुक्काम आणि बचाव शुल्क दिवसागणिक आकारले जाते. सहा-सात दिवसांसाठी एवढेच सुमारे आठशे ते हजार डॉलर होते. त्यावर वाटाडे, पोर्टर (ओझे वाहणारे), स्वयंपाकी, अन्न, तंबू आणि गाडी. विमानभाडे वेगळे. शुल्क कोणालाही चुकत नाही, त्यामुळे कोणी फारच कमी भाव सांगत असेल, तर तो पैसा पोर्टरच्या मजुरीतून किंवा तुमच्या दिवसांतून कापला जाणार, हे उघड आहे. 1991 पासून वाटाड्याशिवाय चढण्यास मनाई आहे, त्यामुळे “आपले आपण जाऊ” हा मार्ग बंद आहे.

विमा घेताना 6,000 मीटरपर्यंतची चढाई आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात लिहिलेला आहे, हे वाचून घ्यावे. नेहमीच्या प्रवास विम्यात तो बहुधा नसतो.

१२. आपले सामान दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायला संकोच वाटतो. पोर्टर घ्यावेच लागतात का?

घ्यावे लागतात, आणि ते तेथील हजारो कुटुंबांचे उत्पन्न आहे. संकोच वाटायचा असेल तर तो ओझ्याविषयी वाटावा. एका पोर्टरने 20 किलोपर्यंतच वाहावे असा दंडक आहे आणि प्रवेशद्वारावर काट्यावर वजन होते. आपली पिशवी बारा-तेरा किलोंत बसवावी. शेवटी बक्षिसी देण्याची रीत आहे. ती प्रत्येकाच्या हाती, सर्वांसमोर द्यावी.

१३. शाकाहारी जेवण मिळते का?

मिळते. भात, घेवड्याची उसळ, कोबी, बटाटे आणि चक्क “चपाती” व “चाय”. हे शब्द स्वाहिलीतही तेच आहेत. मक्याच्या पिठाचा उगाली आपल्याला घाट्यासारखा वाटतो. जैन भोजन हवे असेल तर आधी लेखी कळवावे. उंचीवर भूक मरते, म्हणून घरची ओळखीची चव सोबत असावी : शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, केळीचे वेफर्स. कळण्याची भाकरी दुसऱ्या दिवशी दगड होते. ठेचा खालच्या मुक्कामांवर ठीक आहे. चार हजार मीटरच्या वर तो पोटाला झेपत नाही, आणि मध्यरात्री शौचालयाच्या तंबूकडे धावण्यात फारसे शौर्य नाही.

१४. थंडीसाठी काय न्यावे?

जळगावच्या हिवाळ्यातला स्वेटर पुरत नाही. अंगालगत घाम ओढून लवकर वाळणारे कपडे, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचे जाकीट आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारा कोट, असे थर हवेत. सुती बनियन घामाने ओला झाला की वाळत नाही. बूट निघण्याच्या दोन महिने आधीपासून पायांत घालून मळवावेत. जाड वस्तू मोशीत भाड्याने मिळतात, बूट मात्र स्वतःचेच हवेत.

१५. शिखराची रात्र कशी असते?

माचामे आणि लेमोशो वाटांवर शेवटचा मुक्काम बराफू, 4,673 मीटर. ‘बराफू’ म्हणजे बर्फ. मूळ फारसी शब्द तिकडे समुद्रमार्गे गेला आणि आपल्याकडे जमिनीवरून आला. मध्यरात्रीच्या सुमारास निघायचे. उणे दहा-पंधरा अंश, वारा असेल तर त्याहून बोचरे. समोर फक्त पुढच्याच्या टाचा दिसतात आणि वर डोंगरावर दिव्यांची माळ. पायाखालची बारीक राख एक पाऊल टाकले की अर्धे मागे सरकते.

पिशवीतून पाणी पिण्याची नळी पहिल्या तासात गोठते, म्हणून बाटली मोज्यात गुंडाळून पिशवीत उलटी ठेवावी; बर्फ वरून धरतो, त्यामुळे बाटली सुलटी केल्यावर तोंड मोकळे राहते. मोबाइल आणि बॅटरी छातीशी ठेवावी. सहा-सात तासांनी विवराच्या काठावरचा स्टेला पॉइंट (5,756 मीटर) येतो. तेथून उहुरू तासाभराचे, पण त्या तासात एकेक पाऊल मोजावे लागते. उजाडताना मावेन्झीचे सुळके काळे दिसतात आणि डाव्या हाताला हिमनदीची भिंत गुलाबी होते.

वर पंधरा-वीस मिनिटे पुरेत. त्याच दिवशी सुमारे 2,800 मीटर उतरून म्वेका मुक्कामाला जायचे असते, आणि गुडघ्यांचे खरे हाल तेथे होतात. दोन काठ्या न्याव्यातच.

१६. मुलांना किंवा मधुमेह, रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांना नेता येईल का?

शिखरासाठी किमान वय 10 वर्षे आहे. मुलांना लक्षणे नीट सांगता येत नाहीत, म्हणून आम्ही सोळाच्या आत नेत नाही. हे आमचे मत, नियम नव्हे. नियंत्रणात असलेला रक्तदाब किंवा मधुमेह हा नकार नाही, परंतु हृदयरोगतज्ज्ञांची तपासणी करूनच ठरवावे. इन्सुलिन गोठले तर निकामी होते, ते अंगाशी ठेवावे. ग्लुकोमीटरही थंडीत चुकतो.

१७. मी गेल्या वर्षी लेहला जाऊन आलो, तेव्हा काही झाले नाही. मग कमी दिवसांत चालेल का?

नाही. लेह 3,500 मीटर, आणि तेथे कमावलेली सवय खाली आल्यावर काही आठवड्यांतच ओसरते. गेल्या वेळी त्रास झाला नाही, म्हणजे या वेळी होणार नाही असे नसते. उलट ज्यांना पूर्वी त्रास झाला आहे त्यांनी प्रश्न ७ मधील आठ दिवसांचाच बेत घ्यावा.

१८. हिमनदीला हात लावता येतो का? विवरात मुक्काम करता येतो का?

नेहमीच्या वाटेवरून हिमनद्या थोड्या अंतरावरून दिसतात. विवरात फुर्टवेंगलर हिमनदीजवळ सुमारे 5,700 मीटरवर मुक्कामाची जागा आहे. तेथे जादा दिवस, जादा शुल्क आणि विरळ हवेशी उत्तम जुळवणी लागते. तिकडे थेट चढणाऱ्या वेस्टर्न ब्रीच वाटेवर जानेवारी 2006 मध्ये दगड कोसळून तीन गिर्यारोहक दगावले होते. दगड गोठवून धरून ठेवणारा बर्फच नाहीसा होत असल्यामुळे ही वाट आम्ही सुचवत नाही. बर्फाचे तुकडे आठवण म्हणून फोडू नयेत.

१९. चढायचे नाही, नुसता पाहायचा असेल तर?

मग मोशीत तीन-चार दिवस राहावे. डोंगर बहुधा पहाटे आणि संध्याकाळी ढगांतून बाहेर येतो, दुपारी शोधू नये. मारांगू दरवाजातून मांदारापर्यंत जंगलातून एका दिवसात जाऊन येता येते. झाडांवर लांब पांढऱ्या शेपटीची कोलोबस माकडे दिसतात.

आमच्या रावेर-यावलच्या पाहुण्यांना मात्र सर्वांत अधिक काळ धरून ठेवले ते उतारावरच्या चग्गा वस्त्यांनी. घराभोवती केळीची बाग, तिच्या सावलीत कॉफी, खाली भाजी, गोठ्यातले शेण बुंध्याशी. आपल्यासारखे एकाच वाणाचे एकसारखे खांब तेथे नाहीत; भाजीचे केळ वेगळे, पिकवायचे वेगळे, आणि नाचणी घालून आंबवलेल्या मद्याचे वेगळे. केळी आणि मांस शिजवून केलेली म्तोरी नावाची आमटी असते. ओढ्यांना आडवून डोंगराच्या कडेने काढलेले मातीचे पाट पाहून पांझरेकाठच्या आमच्या एका काकांना बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वाटून घेण्याच्या आपल्या फड पद्धतीची आठवण झाली. पाणी कोणाला कोणत्या दिवशी, पाट साफ करायला कोणी यायचे, हे तेथेही पाट वापरणारी घरेच मिळून ठरवतात. काकांनी पाटकऱ्याविषयी (पाटाचे पाणी सांभाळणाऱ्याविषयी) इतके प्रश्न विचारले की दुभाषा थकला, आणि त्या घरच्या म्हाताऱ्याने शेवटी त्यांना कुदळ देऊन पाटावर नेले.